'द रोअरिंग रोड' (१९१९) : रेस, लग्न आणि वॉलेस रीड

रीळवेडा

मूकपटांवर इथे बऱ्याचदा बोलणं होतं पण ते चॅप्लिन, कीटन आणि फार तर जर्मन पिक्चरपर्यंत, रेसिंगच्या मूकपटांवर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. खरं तर तेव्हा अमेरिकेत या प्रकाराची लाटच आली होती. हिरो, गाडी, मालकाची पोरगी आणि शेवटी शर्यत, असे ढिगाने पिक्चर निघाले. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे 'द रोअरिंग रोड'. पॅरामाउंटचा, एप्रिल १९१९ मध्ये लागलेला. दिग्दर्शक जेम्स क्रूझ, ज्याने पुढे १९२३ ला 'द कव्हर्ड वॅगन' केला. मूळ कथा बायरन मॉर्गनच्या, त्या सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये छापून आलेल्या. हिरो वॉलेस रीड, हिरॉईन अ‍ॅन लिटल आणि तिचा बाप झालाय थिओडोर रॉबर्ट्स, जो पुढे डेमिलच्या 'टेन कमांडमेंट्स'मध्ये मोझेस झाला.

गोष्ट सांगून टाकतो, शंभर वर्षांपूर्वीचा पिक्चर आहे, रहस्य फुटलं तरी मजा जात नाही.

टूडल्स वॉल्डन लॉस एंजेलिसमध्ये डार्को नावाच्या मोटार कंपनीत सेल्समन आहे. कंपनीचा मालक जे. डी. वॉर्ड, एक नंबरचा तिरसट, सगळ्यांवर डाफरणारा, म्हणून लोक त्याला अस्वल म्हणतात आणि त्याच्या पोरीला, डोरोथीला, अस्वलाचं पिल्लू. टूडल्सला दोन गोष्टी हव्यात. सँटा मोनिकाच्या ग्रँड प्राइझ रेसमध्ये डार्कोची गाडी चालवायचीय आणि डोरोथीशी लग्न करायचंय. अस्वलाचं दोन्हीला नाही, लग्नाचं पाच वर्षांनी बघू म्हणतो. मग रेससाठी निघालेल्या कंपनीच्या गाड्या रेल्वे अपघातात चक्काचूर होतात, टूडल्स ते भंगार घेतो, त्यातून एक गाडी उभी करतो आणि रेस जिंकतो.

दुसरा कुठलाही पिक्चर इथे संपला असता. हा इथून पुढे खरा रंगतो. अस्वलाला आता लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हे रेकॉर्ड मोडायचंय आणि ते मोडू शकणारा एकच माणूस आहे, तो नोकरीला लाथ मारून बसलेला, वर जोरात गाडी हाकल्याबद्दल तुरुंगात. समजावून काही उपयोग नाही हे अस्वलाला पक्कं माहीत. म्हणून तो काय करतो, पोरीला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रेनमध्ये बसतो आणि ही खबर टूडल्सला कळेल अशी व्यवस्था करतो. हा पठ्ठ्या तिच्यामागे गाडी सोडणारच आणि रेकॉर्ड आपोआप पडणार. एका दगडात दोन पक्षी. पुढे ट्रेन विरुद्ध गाडी, सगळी रात्रीची धाव, ती बघण्यासारखीच आहे, मी लिहून तिची मजा घालवत नाही.

माझं म्हणणं असं की या पिक्चरमधली खरी जोडी टूडल्स आणि डोरोथीची नाहीच, ती टूडल्स आणि अस्वलाची आहे. दोघांनाही वेगाचं वेड, दोघंही हट्टी, दोघांनाही 'नाही' ऐकायची सवय नाही. बाप लग्नाला अडवतोय ते पोरगा वाईट म्हणून नाही, त्याला त्या पोरात स्वतःचं तरुणपण दिसतंय आणि ते किती धोक्याचं असतं हे तो जाणून आहे. आणि तरीही रेकॉर्डचा मोह आला की हाच बाप त्याच पोराला रात्रीच्या रस्त्यावर सोडतो. हे रॉबर्ट्सने नुसत्या चेहऱ्यावर दाखवलंय, एकही शब्द ऐकू न येता. असा बाप मला नंतरच्या बोलपटांत फार कमी सापडला.

आणि वॉलेस रीड. सहा फुटांच्या वर, हसरा, गाडीत बसला की अंगात वारं शिरल्यासारखा. त्याचं पुढे काय झालं ते माहीत असलेल्यांचा हा पिक्चर बघताना काळजाचा ठोका चुकतो. ज्या वर्षी हा पिक्चर आला त्याच वर्षी, १९१९ मध्ये, 'द व्हॅली ऑफ द जायंट्स'च्या शूटिंगला जाताना क्रूला नेणाऱ्या रेल्वेला अपघात झाला, त्यात रीडच्या डोक्याला मार लागला. शूटिंग थांबू नये म्हणून त्याला मॉर्फिन देत राहिले. ती सवय सुटली नाही आणि १८ जानेवारी १९२३ ला, वयाच्या ३१ व्या वर्षी, सॅनिटोरियममध्ये तो गेला. पडद्यावर रेल्वे अपघातातल्या भंगारातून गाडी उभी करणारा हा माणूस, खऱ्या आयुष्यात त्याला मात्र तसं उभं राहता आलं नाही.

कुणी पाहिला असेल तर लिहा. रेसिंगचे दुसरे मूकपट माहीत असतील तर तेही येऊ द्या.

---

मेघमल्हार७

वॉलेस रीड हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. किती मोठा आहे पिक्चर? आणि मिळतो का बघायला?

---

रीळवेडा

पाच रिळांचा आहे, म्हणजे साधारण तासाभराचा. कॉपीराइट केव्हाच संपलाय, नेटवर शोधलात की मिळेल. शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा, मोबाईलवर रात्रीचा भाग नीट दिसत नाही.

---

डबलक्लच

वा, आमच्या आवडीचा विषय. आमचं कोल्हापुरात गॅरेज आहे, वडिलांपासूनचं, त्यामुळे भंगारातून गाडी उभी करतो म्हटल्यावर मी लगेच ताठ बसलो. लोकांना हा भाग फिल्मी वाटेल पण त्या काळच्या गाडीच्या बाबतीत तो अगदीच अशक्य नाही हो.

कारण असं की तेव्हाची गाडी म्हणजे लाकडी शिडीसारखी लोखंडी चासी (गाडीचा सांगाडा), त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं बोल्ट आणि रिव्हेटने बसवलेलं. बॉडी जवळजवळ नसायचीच, रेसच्या गाडीला तर दोन सीट, मागे पेट्रोलची टाकी आणि स्पेअर टायर, संपलं. एकाच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या असतील तर एकीचं इंजिन, दुसरीचा मागचा अ‍ॅक्सल, तिसरीची चासी असं जुळू शकतं. चासी वाकली असेल तर भट्टीत तापवून सरळ करायची. खरं घोडं अडणार बेअरिंगला. तेव्हा आतासारखे तयार शेल बेअरिंग मिळायचे नाहीत, बॅबिट मेटल (एक मऊ मिश्रधातू) वितळवून जागेवर ओतायचं आणि मग स्क्रेपरने हाताने घासत बसायचं, शाफ्टला निळा रंग लावून फिरवून बघायचं कुठे घासतंय, परत खरवडायचं, परत बघायचं. ते नीट नाही जमलं तर रेसच्या अर्ध्यात बेअरिंग वितळून इंजिन जॅम. आमच्या वडिलांनी जुन्या डिझेल इंजिनांची अशी बेअरिंग केलेली मी लहानपणी बघितलीत, त्याला हात लागतो, पुस्तक वाचून येत नाही ते.

म्हणजे टूडल्स नुसता सेल्समन असून चालणार नाही, बरोबर कुणीतरी पक्का मिस्त्री पाहिजे. पिक्चरमध्ये आहे का तसा?

---

रीळवेडा

@डबलक्लच, दंडवत! अशा प्रतिसादासाठीच धागा काढला होता. हो, टॉम डार्बी नावाचा मेकॅनिक आहे, गाय ऑलिव्हरने केलाय.

आणि त्या गाड्यांमध्ये दोन सीट का असायच्या तेही सांगतो, कारण आजच्या रेसमध्ये तो प्रकार उरला नाही. ड्रायव्हरच्या शेजारी रायडिंग मेकॅनिक बसायचा. पेट्रोल इंजिनपर्यंत पोचायचं ते टाकीतल्या हवेच्या दाबाने, तो दाब कमी झाला की याने हातपंप मारायचा. ऑइलचं बघायचं. मागून कोण येतंय ते मान वळवून सांगायचं. मागचे टायर कधी फाटायला आलेत ते बघायचं, तेव्हाचे टायर आतून कापडाचे, कधी फाटतील नेम नसायचा. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून मांडीवर, खांद्यावर थापा मारून खुणा. सीट बेल्ट नाही, डोक्याला कातडी टोपी, ब्रेक फक्त मागच्या चाकांना. जिंकला की नाव ड्रायव्हरचं, मेला तर दोघेही. मला त्या अनाम मेकॅनिक लोकांबद्दल फार वाटतं.

---

सायली_वेस्टसाइड

मी या धाग्यावर उडीच मारली कारण ती रेस जिथे व्हायची तिथून माझं रोजचं जाणं-येणं आहे! सँटा मोनिकाचा कोर्स म्हणजे वेगळा ट्रॅक नव्हता, गावातले साधे रस्ते बंद करून रेस. समुद्राच्या कडेने ओशन अ‍व्हेन्यू, मग वळून आजचा विल्शर, मग पलीकडून सॅन व्हिसेंटेवरून परत समुद्राकडे. एक फेरा ८.४ मैलांचा, म्हणजे साडेतेरा किलोमीटरला जरा जास्त. ओशन अ‍व्हेन्यू आणि विल्शर मिळतात त्या वळणाला तेव्हा डेथ कर्व्ह म्हणायचे. आज तिथे सिग्नल आहे, लोक आइस्क्रीम खात समुद्र बघत उभे असतात.

सॅन व्हिसेंटेच्या मधोमध तेव्हा इलेक्ट्रिक ट्रामचे रूळ होते. रूळ गेले आणि ब्रेंटवुडच्या भागात त्या मधल्या पट्ट्यात पांगाऱ्याच्या जातीची झाडं लावली, आफ्रिकन पांगारा. फुलला की लालकेशरी. सकाळी तिथे पळणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यातल्या कुणालाही माहीत नसतं की इथून दोन-दोन माणसं बसलेल्या गाड्या ताशी ७५ मैलांच्या सरासरीने गेल्या होत्या. माझ्या ऑफिसातल्या पक्क्या सँटा मोनिकाकरांना मी सांगितलं तर त्यांनाही खरं वाटेना.

---

रीळवेडा

@सायली, फार छान माहिती. तुमच्या त्या रस्त्यावर २६ फेब्रुवारी १९१४ ला व्हँडरबिल्ट कप ही रेस झाली, त्याची गोष्ट कुठल्याही पिक्चरला पुरून उरेल. राल्फ डिपाल्मा हा ड्रायव्हर, मर्सर मोटार कंपनीच्या टीमचा कॅप्टन. कंपनीने त्याला न विचारता बार्नी ओल्डफील्ड या दुसऱ्या ड्रायव्हरला घेतलं, आणि त्या दोघांचा छत्तीसचा आकडा. डिपाल्मा तडक राजीनामा देऊन बाहेर पडला आणि जुनी मर्सिडीज घेऊन रेसला उतरला. ३५ फेऱ्यांची रेस, मर्सरचं पारडं जड. शेवटच्या फेऱ्यांत डिपाल्माने ओल्डफील्डला दिसेल असा पिटला (टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागेला) हात केला, की मी पुढच्या फेरीला थांबतोय. ओल्डफील्डचे टायर झिजले होते, त्याने विचार केला हा थांबतोय तर मीही टायर बदलून घेतो. तो आत वळला आणि डिपाल्मा न थांबता सुसाट निघून गेला. जिंकला! नुसत्या डोक्याने पाणी पाजलं.

'द रोअरिंग रोड'च्या प्रेक्षकांना सँटा मोनिका म्हटलं की हे सगळं डोळ्यासमोर यायचं. आणि बघा, खरी ग्रँड प्राइझ तिथे शेवटची झाली १९१६ ला, सँटा मोनिकाची अगदी शेवटची रोड रेस मार्च १९१९ ला, आणि पुढच्याच महिन्यात हा पिक्चर लागला. म्हणजे पडद्यावर ती रेस आली तेव्हा खऱ्या रस्त्यावरून ती कायमची गेली होती.

---

अबोली_

धागा मनापासून आवडला, पिक्चर काल रात्री बघून काढला. पण लेखकाशी एका बाबतीत माझं अजिबात जमत नाही. तुम्ही म्हणता खरी जोडी सासरा-जावयाची. बरोबर आहे, पण मला तेच खटकलं. डोरोथीला या सगळ्यात कुणी विचारतंच नाही हो. बाप तिला ट्रेनमध्ये बसवतो, कशासाठी, तर रेकॉर्डसाठी. पहिल्या अर्ध्यात ती लग्नासाठी थांबवून ठेवायची गोष्ट आणि दुसऱ्या अर्ध्यात गळाला लावायची. अ‍ॅन लिटल चांगली नटी आहे, वेस्टर्नमध्ये घोड्यावर बसून धडाक्यात कामं केलेली, आणि इथे तिला काय दिलंय तर वाट बघणं.

आणि 'तेव्हाचा काळच तसा होता' हे मला कुणी सांगू नका, कारण ज्या १९१४ च्या रेसची गोष्ट तुम्ही सांगितलीत त्याच रेसच्या वेळी त्याच सँटा मोनिकात कीस्टोन या विनोदी पिक्चरवाल्या स्टुडिओची टीम शूटिंग करत होती. पिक्चर 'मेबल अ‍ॅट द व्हील', एप्रिल १९१४. मेबल नॉर्मंड त्यात हिरॉईन आणि दिग्दर्शनातही तीच. व्हिलन चार्ली चॅप्लिन, इंडस्ट्रीत नवाकोरा. तो तिच्या ड्रायव्हर मित्राला पळवून नेतो, मग मेबल स्वतः गाडीत बसते आणि रेस जिंकते. शूटिंगला चॅप्लिनने पाण्याच्या पाइपचा एक गॅग (विनोदी प्रसंग) सुचवला, मेबलने ऐकला नाही तर हा फुटपाथवर बसून राहिला, काम करणार नाही म्हणाला. आत्मचरित्रात त्याने स्वतःच लिहिलंय हे. तेव्हा तिचं वय विशी-एकविशीचं, आणि ती तिथे सगळ्यांना हुकूम सोडत होती! मग पाच वर्षांनी आलेल्या पिक्चरमध्ये पोरगी ट्रेनच्या डब्यात का?

---

मेघमल्हार७

+१ अबोली. मेबलचा आधी बघणार आता.

---

रीळवेडा

@अबोली, मुद्दा एकदम मान्य, डोरोथीच्या वाट्याला काही नाही हे खरंच आहे आणि पिक्चरची ती सगळ्यात कमकुवत बाजू आहे. मेबलचं उदाहरण तर बिनतोड. फक्त एवढंच म्हणेन की बाप पोरीला गळाला लावतो हे पिक्चर लपवत नाही. अस्वल चांगला माणूस आहे असं कुठेही भासवलेलं नाही, तो मोहापायी पोरीलाही वापरतो, आणि म्हणूनच मला तो पुठ्ठ्याचा बाप वाटत नाही. आणि याचाच पुढचा भाग १९२० ला आला, 'एक्स्क्यूज माय डस्ट', हीच तिन्ही माणसं, दिग्दर्शक सॅम वुड. त्यात लग्न झालंय, मूल आहे, आणि आता रेसला नको म्हणणारी डोरोथी आहे. तिथे तिला जरा जास्त जागा मिळते, तो बघून तुमचं मत नक्की लिहा.

---

निशाचर

रीडबद्दल लिहिलंय म्हणून मी त्याच्या बायकोबद्दल लिहितो, तिच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. डोरोथी डेव्हनपोर्ट, स्वतः नटी. नवऱ्याचं व्यसन लपवणं सहज शक्य होतं, स्टुडिओला तेच हवं असणार, पण १९२२ च्या डिसेंबरात, नवरा सॅनिटोरियममध्ये असताना, तिने वर्तमानपत्रांना उघड सांगितलं की हे मॉर्फिन आहे. तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये एकामागून एक भानगडी गाजत होत्या, अशा वेळी हे बोलायला केवढं धैर्य लागलं असेल. तो गेल्यावर त्याच वर्षी तिने 'ह्यूमन रेकेज' हा अमली पदार्थांवरचा पिक्चर काढला, त्यात कामही केलं आणि तो घेऊन गावोगाव फिरली. पुढे दिग्दर्शन, निर्मिती, लेखन सगळं केलं, नाव मात्र बराच काळ 'मिसेस वॉलेस रीड' असंच लावत राहिली. 'ह्यूमन रेकेज'ची आज एकही प्रिंट सापडत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

दुसरं, थोडं कडू बोलतो. मला हे रेसिंगचे पिक्चर बघताना आनंद होतो आणि भीतीही वाटते. जोरात गाडी हाकून तुरुंगात जाणारा हिरो दाखवायचा आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे तेव्हापासूनचं. १९१६ च्या सँटा मोनिकाच्या ग्रँड प्राइझमध्ये ड्रायव्हर लुईस जॅक्सनबरोबर कडेला असलेले लोकही गेले. आणि वॉर्नरचा 'द फर्स्ट ऑटो', १९२७, तो तर बघवत नाही मला, इतका चांगला असून. घोड्यांचा तबेला चालवणारा बाप, मोटारीचा कट्टर वैरी, आणि मोटारीपायी वेडा झालेला मुलगा. बाप रसेल सिम्पसन, मुलगा चार्ल्स एमेट मॅक, मुलाची प्रेयसी पॅट्सी रुथ मिलर. ओल्डफील्ड स्वतः ओल्डफील्ड म्हणून आहे. शूटिंग संपत आलेलं असताना मार्च १९२७ मध्ये मॅक रिव्हरसाइडला मोटार अपघातात गेला, २६ वर्षांचा होता. पिक्चर त्याच्याशिवाय पुरा करावा लागला. मोटारीत मुलाचा जीव जाईल म्हणून घाबरलेल्या बापाची गोष्ट, आणि तो मुलगा करणारा पोरगा खरोखर मोटारीत गेला. यापुढे काय बोलायचं.

---

डबलक्लच

@निशाचर, अंगावर काटा आला. आमच्याकडे ठोकलेल्या गाड्या येतात तेव्हा आम्ही पहिलं विचारतो माणसं कशी आहेत, मग गाडीला हात लावतो.

---

रीळवेडा

@निशाचर, डोरोथी डेव्हनपोर्टबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, तिच्यावर वेगळा धागाच व्हायला हवा, तुम्हीच काढा.

तुमच्या यादीत अजून एक भर घालतो. मेट्रो गोल्डविन मेयरचा 'स्पीडवे', १९२९, हीरो विल्यम हेन्स, हिरॉईन अनिता पेज, मूळ गोष्ट परत बायरन मॉर्गनचीच. मूकपटांचा अगदी शेवट, संवाद नाहीत, नुसतं संगीत आणि आवाज. शूटिंग थेट इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर, ३० मे १९२९ ची खरी ५०० मैलांची रेस चालू असताना. ती रेस जिंकला रे कीच, ज्याने आदल्या वर्षी डेटोनाच्या वाळूवर ताशी २०७ मैलांच्या वर जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला होता. १५ जूनला अल्टूनाच्या लाकडी ट्रॅकवर तो अपघातात गेला. पिक्चर थिएटरात लागला सप्टेंबरात.

पण म्हणून हे पिक्चर बघू नयेत असं मला वाटत नाही. उलट आज बघताना आपल्याला माहीत असतं की हे कडेला उभे लोक, ही धूळ, तो मेकॅनिक, कशाचाच धोका खोटा नाही. नंतरच्या पिक्चरमध्ये स्टुडिओत गाडी उभी करून मागे पडद्यावर पळता रस्ता दाखवायला लागले तिथे माझा जीव रमत नाही.

---

प्रोजेक्टर_रूम

उशिरा आले धाग्यावर. फिल्मच्या प्रिंट तपासण्याचं काम केलंय म्हणून तांत्रिक दोन गोष्टी.

रेसची दृश्यं कधी कधी माकडचाळ्यांसारखी भरभर दिसतात, ती तशी बनवलेली नसतात, बहुतेक वेळा चुकीच्या स्पीडला चालवलेली असतात. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम हा ढोबळ हिशोब, पण सगळे कॅमेरामन एकसारखं फिरवायचे नाहीत आणि थिएटरवालेही आपल्या मर्जीने जास्त वेगाने चालवायचे. त्यात बोलपट आल्यावर २४ फ्रेम पक्के झाले आणि जुनी प्रिंट त्याच मशीनवर टाकली की माणसं धावायला लागली. मात्र पाठलागाच्या दृश्यात कॅमेरामन मुद्दाम हात हळू चालवायचे, म्हणजे पडद्यावर गाडी जास्त वेगात दिसेल. त्यामुळे बघताना माणसांच्या चालण्याकडे बघा. माणूस नीट चालतोय आणि गाडी सुसाट आहे, तर ती करामत कॅमेरामनची. माणूसही टुणटुण उड्या मारतोय, तर कॉपी चुकीची आहे, दुसरी शोधा. प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करून बघितलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरं, नेटवरच्या कॉपीला लावलेलं संगीत कुणीतरी नंतर चिकटवलेलं असतं, आवडलं नाही तर खुशाल बंद करा. तेव्हा प्रत्येक थिएटरचा वाजवणारा आपापलं वाजवायचा, एकच असं संगीत नव्हतंच.

आणि हा पिक्चर टिकला हेच आपलं नशीब. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ ला अहवाल काढला, अमेरिकेत १९१२ ते १९२९ मध्ये निघालेल्या सुमारे ११,००० मूक फीचर फिल्मपैकी मूळ स्वरूपात १४ टक्केच उरल्यात. नायट्रेटची फिल्म, ती पेट घेते, नाहीतर डब्यातल्या डब्यात चिकट होते आणि शेवटी भुकटी. जुन्या प्रिंट चांदी काढायला वितळवल्या ते वेगळंच. आपल्याकडे तर याहून वाईट अवस्था, पुण्याच्या आर्काइव्हने जे वाचवलं ते वाचवलं. म्हणून कुणाच्या घरी माळ्यावर जुने डबे असतील तर कृपा करून उन्हात उघडून बसू नका, आधी जाणकाराला दाखवा.

---

अबोली_

@प्रोजेक्टर_रूम, ०.७५ चा उपाय जादू आहे! रात्रीचा भाग परत लावला, आता कळतंय की रॉबर्ट्स किती सावकाश आणि मोजून काम करतोय, आधी सगळं घाईत निघून गेलं होतं. रीळवेडा, सासरा ही भूमिका चांगली आहे हे मी आता मानते, पण डोरोथीबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे.

ट्रेन विरुद्ध गाडी याबद्दल अजून एक. हे 'रोअरिंग रोड'ने सुरू केलेलं नाही. १९१३ चा 'बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ', त्यात मेबललाच रुळाला बांधलंय आणि ओल्डफील्ड गाडी घेऊन ट्रेनच्या आधी पोचायला धावतोय. मग ग्रिफिथच्या 'इन्टॉलरन्स'मध्ये, १९१६, फाशी थांबवायला रेसच्या गाडीतून गव्हर्नरची ट्रेन गाठतात. पण तिकडे जीव वाचवायचा असतो, इथे कुणाचाही जीव धोक्यात नाही, फक्त प्रेम आणि रेकॉर्ड. तरी आपण खुर्चीच्या टोकावर येतो, याचं श्रेय मात्र क्रूझला आणि रीडला.

---

सायली_वेस्टसाइड

आणि तेव्हा लॉस एंजेलिसहून उत्तरेला जायचा एक मोठा रस्ता म्हणजे रिज रूट हो! १९१५ ला खुला झालेला, डोंगराच्या धारेवरून काढलेला, त्याला ६९७ वळणं म्हणतात. कठडे नावाला. वेगाची मर्यादाही अगदी कमी. आज आपण त्या भागातून फ्रीवेने तासाभरात बाहेर पडतो. त्याचे जुने तुकडे अजून जंगलात आहेत, काँक्रीट फुटलेलं, वळण इतकं आवळ की आजची गाडीसुद्धा जपून घ्यावी लागते. त्या काळचे कंदिलासारखे हेडलाइट लावून रात्री रेकॉर्ड मोडायचं म्हणजे कल्पनाच करवत नाही. ट्रेन समुद्रकाठच्या मार्गाने रात्रभरात पोचायची, त्यामुळे तेव्हाच्या माणसाला ट्रेनला हरवणं ही फार मोठी गोष्ट वाटली असणार.

---

डबलक्लच

बघितला एकदाचा, गॅरेजातल्या पोरांना घेऊन. पोरांना आधी वाटलं आवाज नाही म्हणजे बोअर होणार, पण गाड्या आल्या आणि सगळी गप्प. मग एकेक प्रश्न, ब्रेक लिव्हर बाहेर का, गिअर बाहेर का, पुढच्या चाकाला ड्रम दिसत नाही मग थांबायची कशी. थांबवत नव्हतेच म्हटलं, आधीपासून अंदाज घेऊन गिअर पाडत यायचे, आणि सिंक्रो (गिअर आपोआप जुळवणारी यंत्रणा) नसल्यामुळे प्रत्येक गिअरला डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. माझ्या आयडीचा अर्थ पोरांना आज कळला.

पुढचा कुठला लावू? एका पोराला भंगाराची गाडी परत बघायचीय, बाकीचे दुसरा मागतायत.

---

रीळवेडा

@डबलक्लच, 'एक्स्क्यूज माय डस्ट' लावा, तीच माणसं आहेत त्यामुळे पोरांना लगेच लागेल. त्यानंतर 'द फर्स्ट ऑटो', त्यात घोडागाडीपासून सुरुवात आहे आणि जुन्या मोटारी भरपूर, संगीत आणि आवाज मूळचेच आहेत, एखाद-दुसरा बोललेला शब्दही ऐकू येतो. 'मेबल अ‍ॅट द व्हील' दोनच रिळांचा आहे, जेवायच्या सुट्टीत होईल. सँटा मोनिकाची खरी रेस त्यात दिसते, सायलीताईंनी सांगितलेले रस्ते पोरांना दाखवा.